गल्ली दुमजली झाली

पळसबोडी, १२ मे

प्रिय हरिदास,

तुझ्या बाईचे, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझा फोन लागत नाही म्हणून लिहिते आहे. लागला तरी तू "हो, हो, ठीक आहे" म्हणून ठेवून देतोस. पत्र असं मध्येच ठेवून देता येत नाही, म्हणून हे बरं.

एक बातमी आहे. तुझ्या घराला गिऱ्हाईक आलं. आपल्या कारखान्याच्या डिंक खात्यातला पत्रू. त्याच्या भावाचं लग्न झालं आणि एका खोलीत दोन संसार मावेनात. काल येऊन घर पाहून गेला, घरामागच्या सांदवाडीतला पेरूही पाहून गेला. भाव मात्र तू ऐकलास तर डोक्याला हात लावशील. कारखान्यात तीन पाळ्या होत्या तेव्हा आपल्या गल्लीत जागा मिळवायला लोक मारुतीला नारळ फोडायचे. आता प्लायवूडचं एकच प्रेस चालतं आणि दर चार दारांमागे एकावर "घर विकणे आहे" लिहिलेलं असतं. कोणी खडूने, कोणी कोळशाने. पाटी रंगवून घ्यायलाही कोणी तयार नाही.

चंचलचा वडस्याहून निरोप होता. तिच्या माहेराजवळच्या त्या दोन खोल्यांचा मालक दसऱ्यापर्यंत थांबायला तयार आहे. म्हणजे दसऱ्याच्या आत इथलं विकलं तर तिथलं घेता येईल, आणि तू, चंचल आणि पुनम पुन्हा एका छपराखाली याल. नाहीतर तू भामरागडला कंत्राटदाराच्या ताडपत्रीत आणि त्या दोघी मायलेकी पुनमच्या मामाच्या ओसरीवर. भिंतीला भिंत लावून वीस वर्षं राहिलो आपण. मला विचारशील तर विकू नको म्हणेन, म्हणून मला विचारू नकोस.

नगर परिषदेचा टॅक्सचा सर्वे झाला. आपला निकेशच घरोघर फिरला. तोही तुझ्यासारखाच प्रेसवरून सुटलेला, आता घरामागे काही मिळतं म्हणून हे करतो. तुझ्या दारावर कुलूप पाहून मला विचारलं, "हरिदासभाऊच्या घरी कोणी किरायानं आहे का?" मी म्हटलं, "घर खाली आहे." त्याने लिहून घेतलं. ग्रामपंचायत जाऊन नगर परिषद आल्यापासून आपण शहरात राहतो, बरं का. रस्ता तोच, नाली तीच, टॅक्स तेवढा शहराचा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

जेवत जा वेळेवर. तुझ्या घरासमोर सडा टाकते मी रोज, काळजी करू नकोस.

तुझी बाई,
दुर्गा


भामरागड, ९ जून

बाई,

तुझ्या पायाला हात लावून लिहितो, पण मन ठिकाणावर नाही.

चंचलने वडस्याहून टॅक्सच्या बिलाची नक्कल पाठवली. पत्रू सह्या करायच्या आधी टॅक्सची पावती मागतो म्हणून पुनम पळसबोडीला जाऊन नगर परिषदेतून बिल घेऊन आली. बिल दुपटीच्याही वर आहे, आणि त्यावर लिहिलं आहे की घर दुमजली, वरच्या मजल्यावर मालक राहतो आणि खाली भाडेकरू.

माझं घर दुमजली कधी झालं? आणि हा भाडेकरू कोण?

राग मानू नकोस, पण होळीला तू मला विचारलं होतंस की तुझ्याकडे डबा खाणारी कारखान्याची पोरं माझ्या खोल्यांत ठेवू का. मी नाही म्हटलं होतं. किरायादार बसला की उठत नाही, आपल्या गल्लीत आपण पाहिलं आहे. मागच्या बाजूला पत्रे टाकून तू कोणाला ठेवलं असशील तर सरळ सांग. तुझं पोट डब्यांवर आहे हे मला कळतं. पण भाडेकरू निघाला तर पत्रू पळेल, आणि माझा सगळा बेत बिघडेल. पोरीचं कॉलेजचं वर्ष आहे, ती मामाच्या ओसरीवर अभ्यास करते.

इथे माझ्यासोबत सामानाच्या गोदामावर लालसू म्हणून आहे, याच भागातला माडिया. त्याला बिल वाचून दाखवलं तर तो हसला. म्हणाला, "दोन मजल्याचं घर आहे तुझं, अन् इथी ताडपत्रीत काऊन झोपतेस?" मी त्याला काय सांगू?

आकाश भरून आलं आहे. पर्लकोटा नदी चढली की बस बंद होईल, म्हणून आजच्या गाडीने हे पाठवतो. लवकर लिही.

हरिदास


पळसबोडी, २२ जून

हरिदास,

तुझं पत्र मिळालं.

तुझ्या घराची चाबी माझ्याकडे आहे, ती कोणाकडे द्यायची ते कळव. चंचलच्या भावाकडे पाठवू का पत्रूकडे ठेवू? यापुढे ती मला ठेवायची नाही.

तू किरायादार विचारलास म्हणून सांगते. ज्या पोरांना मी ठेवलं असं तुला वाटतं, ती पोरं आता पळसबोडीत राहिलीच नाहीत. दोन पुण्याला गेली, एक अहेरीकडे खाणीच्या ट्रकवर लागला. तो म्हणतो तिथे खोलीचा किराया आता चंद्रपूरसारखा झाला. लोक सगळे तिकडे, म्हणून खोल्या महाग. इकडे घरं आहेत आणि राहायला माणूस नाही. सकाळी मी आता मोठं पातेलं सोडून छोट्याच गंजात वरण शिजवते. हे तुला लिहिलं नव्हतं, कारण तू तिकडे बसून काय करणार होतास?

तू माझ्या मांडीवर वाढलास. आईला शेतावरून यायला उशीर व्हायचा तेव्हा तुला भात मी भरवला. तुझ्या पाठीमागे मी तुझ्या घरात किरायादार घालीन, असं तुला वाटलं. वाटलं तर वाटलं. पण लिहिलंस.

नगर परिषदेत मी जाणार आहे. तुझ्यासाठी नाही, पुनमसाठी.

दुर्गा


पळसबोडी, २० जुलै

हरिदास,

तुझं उत्तर नाही. टीव्हीवर दाखवलं की पर्लकोटेच्या पुलावरून पाणी जात आहे आणि भामरागड तुटलं आहे. तेव्हापासून राग थोडा बाजूला ठेवला आहे, गेला नाही. बरा असशील तर कळव.

नगर परिषदेचं ऐक. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला, दुसऱ्या खेपेला बाबू लग्नाला. तिसऱ्या खेपेला सुनावणी झाली. हरकत घेणाऱ्यांची ही रांग. कोणाच्या संडासावर टॅक्स, कोणाच्या गोठ्यावर. भांडायचाही कोणाला उत्साह नव्हता. टॅक्स खात्याचे साहेब सांगलीकडचे आहेत, नवीनच आले. माणूस वाईट नाही, मला बसायला खुर्ची दिली. मग आमचं बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

साहेब म्हणाले, "मावशी, या घरात भाडेकरू आहे ना?"

मी म्हटलं, "नाई साहेब, घर खाली आहे."

"तेच म्हणतोय मी. भाडेकरू खाली आहे."

"अहो, खाली आहे."

"मग मालक वर राहतात?"

"मालक भामरागडले राह्यतो."

"म्हणजे वरचा मजला बंद, आणि खाली भाडेकरू."

"वर काई नाई साहेब, वर कवेलूचं छप्पर आहे. घर खाली आहे, मी कवाची तेच सांगून राह्यली."

"आणि मी कधीपासून तेच म्हणतोय, मावशी."

असं बराच वेळ चाललं. मागच्या रांगेतला एक म्हातारा उठून म्हणाला, "साहेब, तुमी दोघं एकच गोष्ट काऊन भांडून राह्यले?" तेव्हा मला आत कुठेतरी उजेड पडला. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या गावाकडे खाली म्हणजे काय?" त्यांनी बोट जमिनीकडे केलं. मी म्हटलं, "आमच्याकडे खाली म्हणजे रिकामं. त्यात कोणीच नसते ते."

साहेबांनी निकेशने लिहिलेले कागद मागवले. भाडेकरूच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं "खाली". त्याच्या हिशेबाने बरोबरच, भाडेकरूची जागा रिकामी. साहेबांनी वाचलं, भाडेकरू खालच्या मजल्यावर. खालचा मजला आहे म्हटल्यावर वरचाही असणारच, म्हणून त्यांनी तो चढवला. आणि नुसतं तुझंच घर नाही रे. जिथे जिथे कुलूप होतं तिथे तिथे निकेशने "खाली" लिहिलं. कागदावर आपली अर्धी गल्ली दुमजली झाली आहे. जेवढी माणसं गेली तेवढे मजले चढले.

साहेब हसले नाहीत. डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मावशी, हे आधी कोणी सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "सांगणारे सगळे बाहेरगावी आहेत, साहेब. म्हणून तं घरं खाली आहेत."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः गाडीवरून आले. तुझ्या घराला चक्कर मारून जिना शोधला. मी चहा दिला. दुरुस्ती होईल म्हणाले, पण चंद्रपूरची मंजुरी लागेल, वेळ जाईल. पत्रूला मी सांगितलं आहे. तो थांबतो म्हणाला.

आता तुला भाडेकरू कोण ते कळलं. तुझ्याच घराचं रिकामपण तिथे किराया भरून राहत होतं. मी नव्हते.

दुर्गा


भामरागड, ११ ऑगस्ट

बाई,

तुझी दोन्ही पत्रं आज एकाच दिवशी मिळाली. पाणी उतरलं, रस्त्यावरचा गाळ काढला आणि पहिली बस आली, तिच्यात. आधी कोणतं वाचायचं ते कळलं नाही, तारीख पाहून राग आधी वाचला.

सांगलीच्या साहेबाचं वाचून मी हसलो. लालसूला सांगितलं, तोही हसला. मग जूनचं पत्र पुन्हा काढलं, आणि ताडपत्रीच्या मागे जाऊन बसलो. बाई, मी चुकलो. दुसरं काय लिहू? इथे दिवसभर सिमेंटच्या गोण्या मोजतो, संध्याकाळी काही काम नसतं. मग माणूस एकटा बसून आपल्याच माणसांवर संशय घेतो. तू चाबी कोणाला देऊ नकोस. माझ्या सगळ्या पसाऱ्यात ती एकच गोष्ट ठिकाणावर आहे.

पुरात आम्ही वरच्या शाळेत होतो. खायला तांदूळ होते, मीठ संपलं होतं. लालसूच्या बायकोने, बुधरीने, आंबाडीची भाजी पाठवली. तब्येत ठीक आहे.

एक गोष्ट तुला सांगतो, चंचलला अजून सांगू नकोस. कंत्राटदाराचं इथलं काम संपत आलं. दिवाळीनंतर तो सगळं सामान घेऊन इंद्रावतीच्या पलीकडे, छत्तीसगडमध्ये जातो आहे, आणि मला चल म्हणतो. मी हो म्हटलं आहे. चोपन्न वर्षांच्या माणसाला दुसरं कोण ठेवतं? प्रेसवर होतो तेव्हा प्लायवूडचा पाटा नुसता हाताने चाचपून सांगायचो की आत डिंक सुकला की नाही. इथे त्याचा काय उपयोग? गोण्या कोणीही मोजतो.

तिकडून वर्षातून एकदा येता आलं तरी खूप. म्हणूनच वडस्याच्या त्या दोन खोल्या झाल्या पाहिजेत. त्या दोघींना आपलं दार मिळालं की मी कुठेही राहीन. पत्रूला सांग, भावात अजून थोडं खाली ये म्हणाला तरी मी येतो. हे खाली तुझ्या साहेबाचं आहे.

तुझा,
हरिदास


पळसबोडी, २८ सप्टेंबर

प्रिय हरिदास,

राग गेला. पहिल्यांदा ते लिहिते, कारण पुढची बातमी चांगली नाही.

टॅक्सचा दुरुस्त कागद गेल्या आठवड्यात आला. एकमजली, कवेलू, बंद घर, कोणी राहत नाही. बंद घराची सूटही दिली. साहेबांनी आपली सगळी गल्ली एकमजली करून दिली, माणूस शब्दाला जागला. मी लगेच चंचलला कळवलं आणि पत्रूने गुरुवारी सह्या करायचं ठरवलं. चंचल आणि पुनम बुधवारच्या गाडीने आल्या. तुझं संमतीपत्र चंचलने पदरात गुंडाळून आणलं होतं.

गुरुवारी पत्रू आला, पण एकटाच. त्याची बायको आली नाही, तेव्हाच मला समजलं. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "बाई, काल यादी लागली. डिंक खातं पूरंच बंद. माहं नाव आहे." मग त्याने चंचलकडे पाहिलं. तो म्हणाला, "हरिदासभाऊले काय तोंड दाखवू? मी शब्द देल्ला होता." मी म्हटलं, "तू काय केलंस रे बाबा?" त्याने चहा घेतला नाही. जाताना चंचलच्या पाया पडला. ती त्याच्याहून लहान आहे, पण पडला.

वडस्याच्या खोल्याही गेल्या असंच समज. दसरा चार दिवसांवर आहे, आणि मालकाकडे दुसरा माणूस येऊन बसला आहे. तिकडे भाव रोज चढतो, इकडे रोज पडतो. आपण मध्ये उभे.

चंचल ओट्यावरच बसून राहिली. मी जेवायला बोलावलं, आली नाही. पुनम माझ्याकडे जेवली. ऊन कलल्यावर चंचल उठून माझ्या दारात आली आणि म्हणाली, "बाई, चाबी द्या."

मी म्हटलं, "काऊन?"

"घर झाडतो. मी आता वडस्याले जात नाई."

"अन् विकाचं?"

"कोणाले विकता? घेणाऱ्याचंच काम गेलं." मग ती खाली बसली आणि बोलली, एवढं तिला कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं. "सात महिने झाले बाई, मी दुसऱ्याच्या चुलीवर भात शिजवून राह्यली. भावजय काई बोलत नाई. बोलली असती तं बरं झालं असतं. पोरगी पुस्तक उघडते तं कोणीतरी तिथी खाट टाकते. इथी भाव पडला तं पडला. मले घर विकाचं नाई, मले घरात राह्याचं आहे. त्यायले लिहा."

"खाशील काय?"

"धानाची कापणी लागते. कापूस आहे. तुमच्या डब्याले दोन हात लागतील."

डब्याला माझे दोन हातच जास्त झाले आहेत, पण ते मी तिला सांगितलं नाही.

चाबी दिली. दोघी मायलेकींनी घर झाडलं, जाळी काढली. संध्याकाळी भिंतीपलीकडून फोडणीचा वास आला. हरिदास, मी माझ्या चुलीपुढे बसून रडले. इतके दिवस त्या भिंतीला कान लावला तर उंदरांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तुझं नुकसान झालं आहे आणि मला आनंद झाला आहे, हे तुला सांगायची लाज वाटते.

परवा नगर परिषदेचा माणूस बंद घरं तपासायला आला होता. दार उघडं पाहून त्याने सूट काढून टाकली. जाऊ दे.

छत्तीसगडचं मी चंचलला सांगितलेलं नाही. पण ती मला रोज विचारते की ते दिवाळीत किती दिवस राहतील. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी कामात असल्याचं दाखवते. आता काय करायचं ते तू ठरव. तुला पलीकडे जायचं असेल तर ते तिला तू लिही, मी लिहिणार नाही.

तुझी बाई,
दुर्गा


भामरागड, ९ ऑक्टोबर

बाई,

तुझं पत्र परवा मिळालं. पत्रूला प्रेसचं काम मी शिकवलं होतं, मग त्याची बदली डिंक खात्यात झाली. त्याला भेटलीस तर सांग, माझ्या मनात काही नाही. त्याने माझं तोंड चुकवू नये.

तुला एक गोष्ट लिहितो जी मी चंचललाही बोललो नाही. मी घर विकायला निघालो होतो ते वडस्याच्या खोल्यांसाठीच, पण तेवढ्यासाठी नाही. आपल्या गल्लीत माणूस दिसला की लोक पहिलं काय विचारतात? "आज कोणती पाळी?" काम सुटल्यावर महिनाभर मला रोज कोणी ना कोणी ते विचारलं. विचारणाऱ्याच्या मनात काही नसायचं, सवयच ती. पण मी सांदवाडीच्या बाजूने जायला-यायला लागलो. घर गेलं की ती गल्लीही जाईल असं वाटलं. म्हणून छत्तीसगडला हो म्हणायला मला एक मिनिटही लागलं नाही.

चंचल तिथे परत गेली. तिलाही तीच गल्ली आहे, तेच लोक आहेत. तिला कोणी विचारलं नसेल का, नवरा कुठे आहे म्हणून? ती ओट्यावर बसून राहिली आणि मग चाबी मागितली. मी तेवढं करू शकलो नव्हतो.

काल कंत्राटदाराला सांगितलं, मी पलीकडे येत नाही. तो म्हणाला, "मंग दिवाळीपर्यंत तरी काऊन ठेवू तुले? पलीकडं येणाराच माणूस आतापासून लावतो." त्याचंही बरोबर आहे. माझ्या जागी लालसूचा भाचा येतो आहे. लालसू म्हणाला, "जा. बायको बोलावते तं जा लागते." तिने बोलावलं नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारच्या बसने अहेरी, तिथून चंद्रपूर, रविवारी पोचेन. या वेळी पुढच्या बाजूने, गल्लीतून येईन.

बाई, तुझ्यावर एक काम टाकतो. चंचलला वाटतं मी दिवाळीच्या सुट्टीला येईन. मी येण्याआधी तिला सांगून ठेव की माझं हेही काम सुटलं आहे आणि मी राहायला येतो आहे. दारात तिच्यासमोर उभं राहून ते मला सांगवणार नाही.

हरिदास